‘बाहर की है, साहेब’

डॉक्टरांनी विचारलं आणि आई खोटं बोलली.

माझं सगळं तिथेच बदललं. आज त्याला वर्ष झालं.

दादाचा मुलगा काचेच्या पेटीत होता. दूध ओढत नव्हता, अंग ढिलं पडलेलं. त्याच्या आधीचं बाळही असंच गेलं होतं, वहिनीच्या माहेरी, अमळनेरला. तेव्हा सगळे म्हणाले, नजर लागली.

इथे सुरतमध्ये डॉक्टरांनी सरळ विचारलं, "माँ-बाप शादी से पहले रिश्तेदार थे क्या?"

"ना साहेब," आई म्हणाली. "बाहर की है."

वहिनी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. आई तिची सासू नंतर, आत्या आधी.

आई खोटं का बोलली ते मला माहीत होतं. आम्हा खानदेशातल्या लोकांत मामाची मुलगी म्हणजे हक्काची. पण शेजारच्या कैलासबेननी एकदा अख्ख्या गल्लीसमोर तोंडाला पदर लावला होता. "हाय हाय! अमारामां तो ए बेन कहेवाय!"

म्हणजे त्यांच्यात मामाच्या मुलीला बहीण म्हणतात.

तेव्हापासून आई इथे कुणाला सांगतच नाही.

माझं डोकं फिरलं. "सर, झूठ है. मामा की लड़की है. सगे मामा की."

आईने दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला.

संध्याकाळी बाळ गेलं. मी खरं बोललो म्हणून काही ते वाचलं नाही.

नंतर डॉक्टरांनी दादाला आणि मला बसवून समजावलं. नवरा-बायको दोघंही धडधाकट असतात, पण दोघांच्या रक्तात एकच दोष लपलेला असू शकतो. एकाच घराण्यातले असले की तो बाळात जुळून यायची भीती जास्त. प्रत्येक वेळी होतंच असं नाही. "दोनों का टेस्ट कराओ. कारण मिला तो आगे का सोच सकते हैं. घर में दूसरों का भी."

दूसरों का भी. म्हणजे माझं आणि रूपालीचं.

रूपाली, वहिनीची धाकटी बहीण. मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं तेव्हा सगळे माझ्यावर ओरडले. तिचा फक्त एक मेसेज आला, "जेवलास का?"

त्या दिवशी घरी येताना मला घरातली गेलेली सगळी बाळं आठवत गेली. आजीची दोन तान्ही गेली होती. मोठ्या काकूचं एक. आम्ही म्हणायचो, घराण्याला शाप आहे. आजी आजोबांच्या मामाची मुलगी. काकूसुद्धा काकांच्या मामाचीच.

शाप की रक्त, हे टेस्टशिवाय कोण सांगणार?

दादा टेस्टला गेलाच नाही. "मी लूमवर दिवस-दिवस उभा राहतो. मला काय धाड भरलीय?"

आणि आई वहिनीला पांढऱ्या पायाची म्हणायला लागली. सख्ख्या भाचीला.

तान्ह्या बाळाचं दिवस-पाणी नसतं. पुरलं की संपलं. फोटो नाही. बारसं व्हायच्या आधीच गेलं, म्हणून नावही नाही.

म्हणून आजची तारीख घरात कुणाच्या लक्षात नव्हती.

आज मामा आला. माझी आणि रूपालीची सुपारी फोडायला.

वहिनी पुऱ्या तळत होती. तिच्या मात्र तारीख लक्षात होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर कढईतून नजर न काढता म्हणाली, "भाऊ, मनी बहीणले आठे आनू नको."

माझ्या बहिणीला इथे आणू नको.

मला रूपाली हवी आहे. किती हवी आहे ते इथे लिहीत नाही. तिचे भाऊ माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

बाहेर येऊन दादाला म्हणालो, "आधी तू आणि वहिनी टेस्ट करा. दोष कळला की माझी आणि रूपालीची. मग सुपारी."

आई उसळली. "अर्ध्यात कॉलेज सोडणारा आता डॉक्टर झाला! रक्त तपासून बायको करशील?"

मामा हसला. "अरे भाचा, घरची पोरगी आहे. तिचं काय तपासायचं?"

"दादा, टेस्ट करतोस का? हो की नाही?"

तो ताटातल्या सुपारीकडे बघत होता.

"नाही."

मी सुपारी उचलली आणि मामाच्या हातात ठेवली. "मग माझंही नाही, मामा."

आत कढई तेवढी चरचरत होती.

फोन वाजला. रूपालीचा मेसेज. "फुटली का?"

फोन तसाच खिशात टाकला.

बाळा, तुला नाव नाही, म्हणून हाक कशी मारू कळत नाही. तुझी तारीख मी ध्यानात धरलीय. तुझ्या आईनेही धरलीय. दोघंच आहोत रे. तुझ्या काकाचा तुला रामराम.

चपला घातल्या. बाहेर पडलो.

दार ओढून घेतलं.