दाजींचा खड्डा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मी दाजी म्हणते, अहो-जाहो करते. तो मान नात्याला आहे. माणसाला द्यायचा म्हटलं असतं तर माझी जीभ वळली नसती.

दाजी घरांचं वायरिंग करतात. लोक त्यांना झटपट म्हणतात आणि हे नाव त्यांना पदवीसारखं वाटतं. चार खोल्यांचं काम पाच दिवसांत उरकून मोकळे. कामावर निघताना इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ती पेनं कशाला लावतात कोण जाणे, कारण कागद म्हणून कधी हातात धरत नाहीत. खोलीच्या मधोमध उभं राहायचं, मान एकदा गोल फिरवायची, "आलं लक्षात" म्हणायचं, की झालं यांचं प्लॅनिंग. लगेच छिन्नी-हातोडा घेऊन भिंती फोडायला सुरुवात.

मग काय होणार? पंख्याचं बटण दाराआड. बाथरूमचा दिवा लावायचा तर स्वयंपाकघरात जा. एका घरात सामान लावल्यावर कळलं, अख्खा बोर्ड कपाटामागे गेलाय. त्या बिचाऱ्यांनी कपाटाच्या पाठीला भोक पाडलं. अजून कपड्यांतून हात घालून दिवा लावतात आणि वर दाजींचे गोडवे गातात. कारण बोर्ड दिसायला देखणा असतो ना. पट्ट्या एका रेषेत, स्क्रूच्या खाचासुद्धा सगळ्या उभ्या. "जे दिसतं ते चांगलं करायचं," दाजी जेवताना बोट उचलून सांगतात, "जे दिसत नाही ते कुणी मागत नाही." आणि माझी ताई कौतुकानं त्यांच्याकडे बघत बसते. तिला त्यांच्या सगळ्याचंच कौतुक. घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत, पण मागच्या अंगणात काहीतरी लावलंय आणि दर आठवड्याला न चुकता त्याला पाणी घालतात, एवढ्यावर ती खूश.

मी मोटारी भरते. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची. बावीस वर्षं हेच काम करतेय, ताईच्या घरापासून एका तासाच्या अंतरावर माझं दुकान आहे. दाजी चार लोकांत माझी ओळख करून देतात, "या आमच्या मेहुणीबाई, तारा गुंडाळतात." जसं काही मी लोकरीचे गुंडे करत बसते.

आई तिच्या घरी एकटी राहते. ताईच्या घरापासून चालत दहा मिनिटं. खिडकीपाशी तिचं शिवणयंत्र, पायानं चालवायचं, जुनं, लोखंडी. आम्हा दोघींना तिनं त्याच यंत्रावर वाढवलं. गेल्या वर्षी घराचं वायरिंग पार कुजलं तेव्हा मी म्हटलं, मी येते, मी करते. आई चाचरली. "अगं, घरात जावई असताना मुलीला शिडीवर चढवायचं, बरं दिसतं का?" झालं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी दाजींना एकच विचारलं, "अर्थिंग करणार ना?"

अर्थिंग म्हणजे ती हिरवी वायर. गिझरच्या, फ्रिजच्या पत्र्यात कधी करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून जाऊ नये म्हणून या वायरीनं जमिनीत सोडायचा. त्यासाठी बाहेर खोल खड्डा खणायचा, त्यात पाइप पुरायचा, मीठ आणि कोळसा घालायचा आणि ती जागा ओली ठेवायची.

"मेहुणीबाई," दाजी हसत म्हणाले, "काम झालं की बोर्ड उघडून दाखवतो. हिरवी वायर दिसेल, मग तर झालं?"

काम झाल्यावर त्यांनी उघडून दाखवला. हिरवी वायर होती. मी रागातच होते. तिचं दुसरं टोक कुठं जातं हे विचारायलासुद्धा मी थांबले नाही, पिशवी उचलून निघून आले. त्यानंतर सहा महिने आईशी फक्त फोनवर बोलले. तो माझा माज होता, दुसरं काही नाही.

फोनवर आई सांगायची, हाताला मुंग्या येतात. दाजी म्हणाले, वय झालं, नसा गेल्या. मग डॉक्टरकडे नेलं, नसांच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढं आई म्हणाली, भीती वाटते, कापड हातात धरवत नाही. तेवढ्यावर दाजींनी तिचं यंत्र उचलून स्वतःच्या घरी नेलं. "सुई बोटात घुसली तर कोण निस्तरणार?" आता तर तिला एकटीला ठेवायलाच नको, घराला कुलूप लावू, इथवर त्यांची मजल गेली होती. आणि आई मला विचारत होती, "माझे हात गेले का गं?"

तेव्हा मी गेले. बघते तर खिडकीपाशी यंत्राच्या चार पायांचे डाग फरशीवर तसेच आणि आई रिकामी बसलेली. तिला मी रिकामी बसलेली कधी पाहिलीच नव्हती.

"मुंग्या कधी येतात?" मी विचारलं.

"आंघोळीला गेलं की. नळ धरला की हातातून वर चढतात. बाहेर आले की थांबतात."

"हे तू दाजींना सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाले, गरम पाण्यानं नसा मोकळ्या होतात."

माझ्या पिशवीत टेस्टर कायम असतो. गिझर चालू केला, नळाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला, नळात करंट होता. सहा महिने माझी आई ओल्या पायांनी उभी राहून त्या नळाला हात लावत होती आणि आम्ही तिला गोळ्या देत होतो.

मी मेन स्विच बंद केला आणि घरातला एकेक बोर्ड उघडला. हिरवी वायर सगळीकडे होती. दोन वीत आत जायची, तिथं तिचं छान वेटोळं केलेलं, वर टेप लावलेला. कशालाच जोडलेली नव्हती. घराभोवती फिरून आले, खड्ड्याचा पत्ता नाही.

तशीच ताईकडे गेले. ती फणकारली. "तुझं आपलं काहीतरीच. आमच्या घराचं पण यांनीच केलंय. मी मेले का?"

हे ऐकून मला आता हिचीही काळजी लागली. म्हटलं, बोर्ड उघडू दे. तिनं तोंड वाकडं केलं, पण उघडू दिला.

काय सांगू. बावीस वर्षांत इतकं नेटकं काम मी पाहिलं नाही. हिरवी वायर जिथं हवी तिथं, स्क्रूखाली घट्ट आवळलेली. बटणं सगळी हाताशी येणारी, एकही दाराआड नाही. मीटरच्या पेटीचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला घराचा नकाशा चिकटवलेला. पट्टी लावून पेनानं काढलेला, कुठली वायर कुठून गेली ते लिहिलेलं. पेनं कशाला लावतात ते तेव्हा कळलं.

मागच्या अंगणात दाजी बादली घेऊन उभे होते.

"घालतायत बघ पाणी," ताई हसली. "चार वर्षं झाली. काय पेरलंय देव जाणे, अजून कोंब नाही आला."

मी जवळ गेले. झाड नव्हतंच. सिमेंटचं चौकोनी झाकण, खाली पाइपचं तोंड, त्यातून वर आलेली तांब्याची पट्टी.

"दाजी, हा अर्थिंगचा खड्डा ना?"

"मग! नियमाप्रमाणे. ओला ठेवावा लागतो."

"आईकडचा कुठंय?"

त्यांनी बादली खाली ठेवली. जराही ओशाळले नाहीत. "तिथं कुणी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं."

"तुम्ही वायर विचारलीत. वायर दाखवली."

इतकी वर्षं मी या माणसाला अडाणी समजत होते. येत नाही बिचाऱ्याला, असं म्हणून थोडी कीवही करत होते. त्याला सगळं येत होतं. फक्त ते स्वतःच्या घरापुरतं ठेवलं होतं.

ताई दोरीवर कपडे घालत होती. तिनं हातातला कपडा परत बादलीत टाकला. "म्हणजे आईच्या मुंग्या हा करंट होता?"

"हो," मी म्हटलं.

"अगं, मुंग्याच ना," दाजी म्हणाले, "काही व्हायचं असतं तर एव्हाना..."

"यंत्र उचला," ताई म्हणाली.

त्यांना वाटलं चेष्टा आहे. ताईनं घरात जाऊन यंत्रावरचे इस्त्रीचे शर्ट खाली भिरकावले. मग यंत्राची हातगाडी ढकलत दाजी पुढं, आम्ही दोघी मागं, अशी वरात निघाली. वाटेत एकानं विचारलं, "झटपट, शिवणकाम सुरू केलं की काय?" दाजी मान खाली घालून भरभर पुढं गेले.

आईच्या घरामागं त्यांनी खड्डा खणला. मजूर बोलावतो म्हणाले, ताई म्हणाली, तुम्हीच. ती स्टूल टाकून समोर बसली. दाजी थांबले की म्हणायची, "आणखी खोल. आपल्याकडे आहे तेवढा." पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं न दिसणारं काम बघत होतं. शर्टाची पार रया गेली. तोवर मी गिझरची करंट सोडणारी कॉइल बदलली आणि वेटोळी सोडवून सगळ्या हिरव्या वायरी जोडून घेतल्या.

संध्याकाळी मेन स्विच चालू केला. नळाला आधी टेस्टर लावला, मग स्वतःचा हात. मग आईला बोलावलं, झालं ते सगळं सांगितलं. ती नळ धरून उभी राहिली. मग हात पुसून यंत्रापाशी बसली आणि सुईत दोरा ओवला. पहिल्या खेपेला गेला.

दाजी दारात उभे होते, कोपरापर्यंत चिखल. त्यांना अजूनही गप्प बसवेना. "आई, गोळ्या मात्र बंद करू नका हं. नसांचं काही सांगता येत नाही."

आई उठली, फडताळातून गोळ्यांची डबी घेऊन आली. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नाही, जावयावर तर नाहीच. डबी तिनं त्यांच्या चिखलाच्या हातावर ठेवली.

"जावईबापू, या उरलेल्या तुम्ही न्या. माझ्या हातांना काही झालं नव्हतं. आणि दर आठवड्याला इथंही पाणी घालायला येत जा. तुमचं घर समजून."

मग ती यंत्रावर बसली आणि शिवायला लागली. दाजी डबी घेऊन दारातच उभे राहिले, त्यांना कुणी आत या म्हटलं नाही.