धुक्यातली धावपट्टी

विमानाच्या भीतीने ताईने लेकीकडे कॅनडाला जाणं चार वर्षं टाळलं होतं. "उडण्याचं काही नाही रे," ती म्हणायची, "पण धुक्यात तो पायलट उतरतो कसा?" शेवटी मी तिला माझ्या कॉम्प्युटरवरच्या, विमान उडवायच्या सिम्युलेटरसमोर बसवलं.

आधी छोटं विमान दिलं. धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओच्या खुणेवर त्यातल्या दोन सुया हलतात, एक उभी आणि एक आडवी. "उभी सुई डावीकडे गेली, म्हणजे वाट डावीकडे आहे. हळूच तिकडे वळायचं. आडवी सुई तसंच वर-खालीचं सांगते," मी सांगितलं. आठवडाभरात तिला ते जमलं.

काल तिने आपणहून मोठं प्रवासी विमान मागितलं. तिथे सुयाच नव्हत्या. पडद्याच्या कडेला एक आणि खाली एक, असे शंकरपाळ्यासारखे दोन जांभळे चौकोन सरकत होते.

"अरे, रूप वेगळं, पण सांगतायत तेच की!" ती म्हणाली.

विमानाच्या काचेबाहेर नुसतं पांढरं धुकं होतं. चौकोन सरकतील तसं ताई हळूच विमान वळवत होती. तिच्याकडे बघताना वाटलं, आपण चुकल्यावर न रागावता फक्त वाट कुठे आहे तेवढं सांगणारं एखादं माणूस प्रत्येकाला मिळावं. तेवढ्यात धुकं विरलं आणि दिव्यांची रांग बरोबर समोर आली. चाकं टेकली.

ताई खळखळून हसली आणि तिने तिथूनच लेकीला फोन लावला.

"मी येतेय गं. आणि हे बघ, मला खिडकीजवळचीच जागा हवी."