डावा गुडघा

मी लंगडतो, पण त्यावरून मला कधी कुणी हिणवलेलं नाही. उलट आमच्या शिवाजी पेठेत माझ्या लंगडण्याला मान आहे. दरवर्षी फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या संघाच्या तालमीत नव्या जर्सींची पूजा होते, तेव्हा पहिला नारळ माझ्या हातून फोडतात. मग कुणीतरी जुना माणूस नव्या पोरांना गोष्ट सांगतो. फायनलला ह्याचा डावा गुडघा निखळला, तरी गडी भाईर आला न्हाय, पाऊण तास एका पायावर बॅक खेळला आणि कप पेठंत आणला. मी खाली मान घालून उभा राहतो. गोष्ट बरीचशी खरी आहे. जेवढी खोटी आहे तेवढी मी तीस वर्षं तशीच चालू दिली.

माझी मुलगीही बॅकच खेळते, बचावात. उजव्या बाजूची. आता बावीस वर्षांची आहे आणि दक्षिणेतल्या एका क्लबात आहे. तो क्लब देशात पहिला आला आणि आशियातल्या देशोदेशीच्या क्लबांची जी बायकांची स्पर्धा असते तिच्यात गेला. स्पर्धेचं हे दुसरंच वर्ष. पहिल्या वर्षी ती होऊन गेली हे पेठेत कुणाला ठाऊकसुद्धा नव्हतं. यंदा मात्र कोपऱ्यावर मुलीचा फोटो असलेला माझ्या दुप्पट उंचीचा फलक लागला आणि मला रस्त्यात थांबवून लोक विचारू लागले, "आशियात म्हंजे नेमकं कुठं गेलीया पोरगी?"

चूक झाली ती स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. मुलगी आठ दिवसांच्या सुट्टीवर घरी आली होती. त्या रविवारी पेठेच्या जुन्या-नव्या खेळाडूंची मैत्रीची मॅच होती. मैदानावर चार जण म्हणाले, "पोरीला धा मिनटं उतरीव की. आशिया कसा असतोय ते तर बघू." माझी छाती फुगली.

"पप्पा, क्लबनं भाईर खेळायला सक्त मनाई केलीया," ती हळूच म्हणाली.

"क्लब परवाचा हाय. पेठ कवापासनं हाय?" मी म्हणालो. ती उतरली.

आठव्या मिनिटाला तिचा डावा पाय मैदानातल्या खड्ड्यात अडकला आणि अंग तेवढं वळलं. ती ओरडली नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मी जवळ गेलो आणि काय बोललो असेन? "लंगडू नको. नीट चालत भाईर ये, लोकं बघत्यात."

कसबा बावड्यात हाडं बसवणारा एक म्हातारा आहे. त्याच्याकडं तिला गुपचूप नेलं. त्यानं तेल चोळून पट्टी बांधली, चार दिवसांत सूज उतरली. बायकोला मी सांगितलं, मुका मार आहे. परत जायच्या आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, "पप्पा, आतनं कायतरी सटकल्यागत वाटतंय. क्लबच्या डॉक्टरला सांगू का?"

"सांगितलंस तर घरी बसवतील," मी म्हणालो. "दुसरी लगीच तुझ्या जागी उभी. बाद फेरीत आपल्या घरातलं माणूस भाईर येत न्हाय, एवढं ध्येनात ठेव."

"व्हय पप्पा," ती म्हणाली.

पेठेत आम्हा दोघांखेरीज एकाच माणसाला हे ठाऊक होतं. माझा मित्र, त्या फायनलला आमचा गोलकीपर. त्याचं महाद्वाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर शिलाईचं दुकान आहे, पेठेच्या जर्सी पिढ्यान् पिढ्या त्याच्याच घरात शिवल्या जातात. गुडघ्यावर ओढलेल्या मोज्याखाली दिसू नये असा घट्ट इलॅस्टिकचा पट्टा मी त्याच्याकडून मुलीसाठी शिवून घेतला. माप घेऊन झाल्यावर त्यानं टेप गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "हे बरं न्हवं, गड्या." मला संताप आला. तू पट्टा शिव, अक्कल शिकवू नको, असं मी त्याला त्याच्याच दुकानात सुनावलं.

साखळी सामन्यांत मुलीला पंधरा-वीस मिनिटांच्या वर खेळवलं नाही. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडत होतो आणि चारचौघांत प्रशिक्षक बाईंना नावं ठेवत होतो. मग शेवटच्या साखळी सामन्यात क्लबच्या नेहमीच्या उजव्या बॅकला स्पर्धेतलं दुसरं पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीत तिला बंदी. एकच सामना, हरला तो घरी. आणि माझी मुलगी पहिल्या अकरात.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला मॅच होती. तालमीच्या हॉलमध्ये मारुतीच्या फोटोखाली मोठा टीव्ही लावला होता. पहिल्यांदाच तालमीत बायका मॅच बघायला बसल्या होत्या, पहिल्या रांगेत माझी बायको. मित्र नमाज आटोपून आला आणि माझ्या शेजारी बसला. पट्टा शिवला त्या दिवसापासून आमचं बोलणं नव्हतं.

पंचांनी शिट्टी दिली. पुढचा पाऊण तास मी चेंडू बघितलाच नाही. मी फक्त तिचे पाय बघत होतो. ती डाव्या पायावर वळायचं टाळत होती. चेंडू डावीकडून आला की मोठा वळसा घेऊन उजव्यावर घ्यायची, त्यात अर्धा सेकंद जायचा. समोरच्या संघाची विंगर, कडेनं चढाई करणारी, बुटकी आणि भलतीच चपळ होती. अर्ध्या सेकंदाचा हिशोब तिलाही लागायला वेळ लागला नाही. पंचविसाव्या मिनिटानंतर त्या संघातल्या सगळ्या जणी चेंडू त्या विंगरलाच द्यायला लागल्या. हॉल "शाब्बास पोरी" करत होता, कारण माझी मुलगी प्रत्येक वेळी कशीतरी पोचत होती.

बायकोनं मागं वळून विचारलं, "अवो, हिचा डावा पाय बरा हाय न्हवं?"

"बरा हाय की," मी म्हणालो. "तिकडचं मैदान वेगळं असतंय."

ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली, मग पुढं वळली.

मध्यंतराला शून्य-शून्य. लोक चहाला उठले. क्लबनं घरच्यांना संघाच्या व्यवस्थापक बाईंचा नंबर देऊन ठेवला होता, तो माझ्या खिशात होता. मित्र मला तालमीच्या पायरीवर घेऊन आला.

"लाव फोन. सांग त्यास्नी."

"काय सांगू? मी लपवून ठिवायला लावलं म्हनून?"

"व्हय. हेच सांग."

मी नंबर लावला. पलीकडं घंटी वाजायला लागली. एक, दोन, तीन. माझ्या डोळ्यांसमोर मुलीचा गुडघा नव्हता, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यावरचा फलक होता. आणि हंगामाच्या पूजेला माझ्या हातात दिला जाणारा नारळ होता. चौथ्या घंटीला मी फोन कापला. "उचलत न्हाईत," मी म्हणालो. मित्रानं घंट्या ऐकल्या होत्या. तो आत गेला.

दुसऱ्या हाफात विंगर जवळजवळ माझ्या मुलीच्या अंगावरच येऊन बसली. पन्नासाव्या मिनिटाला मुलगी घसरत गेली, चेंडू काढला, उठताना हात टेकून उठली. पंचावन्नाव्या मिनिटाला पुन्हा तेच. उठायला जास्त वेळ लागला. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो. मनात एकच चाललं होतं, पोरी, अजून अर्धा तास. आणि त्याच्याच खाली दुसरं, देवा, हिला कुणीतरी बाहेर काढा. दोन्ही मीच म्हणत होतो.

एकसष्टाव्या मिनिटाला विंगरनं तिला डावीकडं वळायला लावलं. मुलगी वळली. चेंडू तिनं बाहेर घालवला, पण पाय खाली टेकला तो शरीराबरोबर आला नाही. ती बसली. पुन्हा उभी राहिली, दोन पावलं चालली. कॅमेरा जवळ गेला तेव्हा तिचा चेहरा पडदाभर झाला. ती मैदानाच्या कडेला संघाच्या बाकाकडं बघत होती. मग तिनं उजवा हात वर केला, मला बाहेर घ्या म्हणून.

"हात खाली घे," मी ओरडलो. "खाली घे हात."

हॉलमधले सगळे माझ्याकडं बघायला लागले. पडद्यावर तिचा हात तसाच वर होता. बाकावरून दोघी जणी धावत निघाल्या, पेटी घेऊन. एक तिच्या गुडघ्याशी बसली आणि दुसरीनं तिच्या काखेत खांदा दिला. मला वाटतं पाच सेकंदसुद्धा गेले नसतील. प्रशिक्षक बाई स्वतः रेषेपर्यंत आल्या आणि त्यांनी माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, फार वाईट मनानं नाही, पण म्हणाला, "बाप एका पायावर पाऊण तास खेळला. आणि आताची पोरं बघा."

मी उठलो. गुडघ्यामुळं मला झटकन उठता येत नाही, खुर्चीचा आधार घेऊन उठलो.

"मी पन हात वर केलता," मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. मला परत सांगावं लागलं. "त्या फायनलला. मला भाईर यायचं हुतं. दोनदा हात वर केलता. बाकावरच्यांनी बघितलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. कुनी आलं न्हाई, म्हनून मी खेळलो. जिंकलो, मला खांद्यावर घेतलं, आनि खाली उतरायच्या आत तुमची गोष्ट तयार हुती. मला ती आवडली. मी गप बसलो."



"तीनदा," माझा मित्र म्हणाला. तो माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघत होता. "मी गोलात हुतो. मला मागनं सगळं दिसत हुतं. तीनदा केलतास."

"मग कवा बोलला न्हाईस?"

"तू कवा इचारलंस?"

पुढचं सांगणं मला सगळ्यात जड गेलं. रविवारची मॅच, बावड्याचा म्हातारा, पट्टा, मघाची पायरी आणि चौथी घंटी. सगळं बायकोच्या समोर सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त हात पुढं केला, माझा फोन घेतला आणि व्यवस्थापक बाईंना स्वतः लावला. या वेळी कुणी उचलला नाही. ती लावतच राहिली.

मॅच आम्ही हरलो. शेवटच्या दहा मिनिटांत एक गोल झाला, तोही दुसऱ्या बाजूनं, माझ्या मुलीच्या जागी आलेल्या पोरीचा त्यात काही दोष नव्हता. लोक एकेक करून उठले. जाताना नेहमीप्रमाणे माझ्या पाठीवर कुणी थाप मारली नाही, पण कुणी वाकडंही बोललं नाही. मागच्या रांगेतला तो माणूस माझी खुर्ची उचलून कडेला ठेवून गेला.

रात्री जेवणाच्या वेळेला मुलीचा फोन आला. आधी आईशी बोलली. डॉक्टरांनी गुडघ्याचा एमआरआय काढला होता. आतला सांधा बांधणारी दोरी अर्धी तुटली आहे, अर्धी शाबूत आहे, आठ-नऊ महिने जातील पण परत खेळता येईल. आणखी थोडा वेळ तशीच खेळली असती तर उरलेली अर्धीही गेली असती. बायकोनं हे सगळं मोठ्यानं म्हणून दाखवलं, मला ऐकू यावं म्हणून. मग फोन माझ्या हातात दिला.

"पप्पा, रागावलासा?" हे तिचं पहिलं वाक्य.

मी फोन घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसलो.

"पयल्या हाफातच दुखाय लागलं हुतं," ती म्हणाली. "तवाच हात वर करनार हुते. पन तुमी तिकडं बघत असशीला, म्हनून थांबले."

मग मी तिला सांगितलं. फायनल, बाक, फिरवलेली तोंडं. दोनदा नाही, तीनदा. लहानपणापासून जी गोष्ट ऐकून ती बॅक झाली, ती मी तिला नीट सांगितली.

"मग कुनीच आलं न्हाई, पप्पा?"

"न्हाई."

"माझ्याकडं लगीच आले," ती म्हणाली.