पलेटीला लावलेलं तेल

भोर-वेल्ह्यात आमच्या अमृतसारखा हात दुसरा न्हाई. खोटं वाटत आसंल तर कापूरहोळला कुणालाबी इचारा. आन त्यो हात घडवला कुणी? म्या, चिमाजीनं. सातवीतनं शाळा सोडली, पण धाकट्या भावाच्या हातात पाना दिला, गॅरेज उभं केलं. पाटीवर नाव माझं, गाडीखाली अमृत.

गाडीखालीच त्याची जवानी चालली. कापूरहोळच्या एका ढाब्याच्या मागं आमचं पत्र्याचं शेड, मधी खड्डा. सकाळी त्यो खड्ड्यात उतरला की दिसभर नुसती गाड्यांची पोटं बघायची. एकदा जेवताना म्हनला, "दादा, ट्रॅक्टरचं ब्रेक आवळता आवळता ह्या खड्ड्यातच म्हातारा व्हईन म्या."

"मग काय आभाळातलं इमान दुरुस्त करायचंय का तुला?"

त्यो हसला न्हाई.

मग भोरचे उपेंद्र साहेब आले. पुण्यात त्यांचं मोठं वर्कशॉप, जुन्या गाड्या नव्या करायचं. त्यांची घरची गाडी ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स गेलेला. म्हनले, "अमृत, हिला हातानं गिअर टाकायची करून दे. मला बसवून पाबे घाट चढवून दाखव. चढली, की तू पुण्याला माझ्याकडं. राहायला खोली देतो."

त्या दिसापास्नं खड्ड्यातनं शिट्टी ऐकू यायला लागली.

जुना गिअरबॉक्स उतरला. इंजनामागची पातळ चकती निघाली. तिच्या जागी आता जडशीळ फ्लायव्हील बसवायचं, त्यावर क्लच पलेट, त्यावर दाबून धरणारं कव्हर. पलेट बरोबर मधी बसावी म्हणून अमृतनं बाभळीची खुंटी तासून ठेवली हुती. कोरं सामान आलं, बाकड्यावर मांडलं. इंजनाच्या दांड्यात एक बारकं, कड्यासारखं बुश लागतं, ऑटोमॅटिकला ते नसतंच. ते आनायला अमृत नसरापूरला गेला.

त्या दिशी खंडेनवमी. आमची आई, फुलाबाई, गावाकडनं, वरव्यावरनं हत्यारांच्या पूजेला आली. बाकड्याकडं बघून म्हनली, "चिमाजी, ही कोरी चाकं कसली रं?"

"आगं, अमृतचं नशीब हाय ते. ह्याच्यावर त्यो पुण्याला जानार."

मग काय, आईनं झेंडू वाहिला, नारळ फोडला. आन कोऱ्या लोखंडाला तेल लावल्याबिगर तिचा जीव ऱ्हात न्हाई. इळा आसू दे, कोयता आसू दे, पहिलं खोबऱ्याचं तेल. तिनं फ्लायव्हीलला लावलं, पलेटीला दोनी अंगानं चोळलं, पदरानं पुसलं आन पलेट हुती तशी परत तिच्या पिशवीत घातली. म्या उदबत्ती ओवाळत हुतो.

अमृतनं आल्यावर फ्लायव्हील पेट्रोलनं पुसलं, ते त्यो पुसतोच. पलेट पिशवीतनं काढली ती सरळ बसवली. कोऱ्या पलेटीला काय पुसायचं?

दसरा झाल्यावर साहेब आले. फुडं साहेब आन अमृत, मागं म्या. वेल्ह्याच्या रस्त्यानं गाडी अशी पळाली की म्या खिडकीतनं ओळखीच्याला हात करत हुतो. साहेब म्हनले, "वा! मूळची असल्यासारखी."

घाट लागला. दुसऱ्या वळणावर चढ उभा झाला आन इंजन नुसतं वरडाय लागलं. गाडी जागची हलंना. अमृतनं क्लचवरनं पाय उचलला, दाबला, पुन्ना उचलला. इंजन फिरतंय, चाकं न्हाईत. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, मागं टेम्पो हॉर्न मारतोय.

आन गाडीत वास आला. जळक्या खोबरेल तेलाचा.

क्लच पलेटीला दोनी अंगांनी खरखरीत अस्तर आसतं, तेच फ्लायव्हीलला घट्ट धरतं. त्याला तेलाचा थेंबबी चालत न्हाई, लगेच घसरतं. अमृतनं नाक वर केलं. आरशातनं माझ्याकडं बघितलं. त्यो वास आमच्या घरचा. दोघांनाबी कळलं.

साहेब म्हनले, "काय झालं रे?"

म्या तोंड उघडलं, "साहेब, त्याचं काय हाय, आमची आ..."

"दादा, गप बस!" उभ्या जन्मात त्यो माझ्यावर पहिल्यांदा वरडला. मग साहेबांना म्हनला, "माझी चूक हाय. पलेटीला तेल लागलं माझ्याकडनं."

"अरे, पण ही तर पहिली गोष्ट शिकवतात!"

"व्हय."

साहेबांनी वास जावा म्हणून काच खाली केली. मग म्हनले, "मनानं चांगला आहेस. पण तेल लागलेली प्लेट बसवणाऱ्याच्या हाती मी लोकांच्या गाड्या कशा देऊ?"

टेम्पो फुडं गेल्यावर अमृतनं ब्रेक धरत गाडी मागं घसरवत खाली आनली. साहेब पायथ्याच्या पाबे गावात यष्टीत बसले. अमृत मला म्हनला, "आईला सांगायचं न्हाई. कळलं तर पुन्ना ती कशाला हात लावायची न्हाई." नवी पलेट बसवली, गाडी घाट चढली, पर चढताना बघायला साहेब न्हवते. त्यांचा ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन गेला.

आईला वाचता येत न्हाई, म्हणून हितं लिवतोय. असा भाऊ भोर-वेल्ह्यात कुनाला आसंल तर दावा.

औंदाच्या खंडेनवमीला आई पुन्ना आली. अमृतनं ती जळकी पलेट हत्यारांच्या वळीत सगळ्यात फुडं मांडली. गिऱ्हाइकाची कोरी पलेट मातूर पिशवीतच ठेवली.

"आई, हिला लाव. पायजे तेवढं लाव."

"आन ती पिशवीतली कोरी?"

"ती ऱ्हाऊ दे. ती उपाशीच बरी."

आईनं दोनी अंगानं तेल चोळलं, पदरानं पुसलं. अमृतनं वाकून तिला नमस्कार केला आन खड्ड्यात उतरला. वर ट्रॅक्टर हुता. ब्रेक आवळायचं हुतं.