वहीत नसलेली ओळ

"पाठवू का?" असं स्वतःलाच विचारून ते हात वर धरून थांबत. समोर संगणकाचं टंकयंत्र, बोट कळीपासून वीतभर वर. टाईप केलेला हुकूम मोठ्यानं वाचायचे, मगच कळ दाबायचे. त्या वर्षांत सांगलीच्या आमच्या कॉलेजात तुम्ही आला असाल, तर तो हात तुम्हीही पाहिला असेल.

आम्ही त्यांना हवालदार म्हणायचो. लष्करात बिनतारी संदेशांवर नोकरी करून आलेले, इथे तात्पुरते ऑपरेटर. कायम झाले की आष्ट्याहून बायकोला आणणार होते. तिची नजर जात चालली होती आणि डोळ्यांचा डॉक्टर सांगलीत होता.

यंत्राचं माहितीपुस्तक इंग्रजी. मी ग्रंथपाल, म्हणून त्यांच्यासाठी मराठीत वही लिहून दिली: यादी कशी मागायची, फाईल कशी छापायची, जुनी प्रत कशी पुसायची. हुकूम चुकला की यंत्र कागदावर दर वेळी तेच ठरलेलं वाक्य छापी.

"आमचा कर्नल बरा," हवालदार म्हणायचे. "शिव्या तरी नव्या द्यायचा."

एका दुपारी प्राध्यापकांनी कृष्णेच्या पुराच्या मोजमापांच्या फाईलची जुनी प्रत यंत्रातून पुसायला सांगितली. हवालदारांनी तो हुकूम पहिल्यांदाच दिला. यंत्र गप्प. बिनतारीवर पोच आली नाही की संदेश पुन्हा पाठवायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी पुन्हा पाठवला. पहिल्या हुकमानं जुनी प्रत गेली होती. दुसऱ्यानं, आता तीच सर्वांत जुनी म्हणून, उरलेली एकुलती एक गेली.

काम झालं की यंत्र काही बोलत नाही, ही ओळ माहितीपुस्तकात होती. क्षुल्लक वाटली म्हणून मी वहीत घेतली नव्हती.

प्राचार्यांनी विचारलं, "वहीत हे होतं का?"

"व्हतं सर. म्याच वाचलं न्हाई."

मी शेजारीच बसलो होतो. काही बोललो नाही.

त्यांची नोकरी गेली. जाताना हवालदार ग्रंथालयाच्या दारात थांबले. "वही माज्याकडं ठिऊ का सर? अक्षर लय चांगलं हाय."

आष्ट्याला जायला मला दोन वर्षं लागली. हवालदार वारून पंधरा दिवस झाले होते. बायकोला आता काहीच दिसत नव्हतं. तिनं चाचपडत वही काढली. "त्ये रोज वाचून दाखवायचं मला. तुमी वाचा की वाईच."

मी वाचत गेलो. जुनी प्रत पुसायच्या पानावर आलो आणि तिथं नसलेली ओळही वाचली.

ती म्हणाली, "ह्ये त्येंच्या तोंडून कवा आईकलं न्हाई."