खबर देणारा माणूस

सुप्रभा गेल्यापासून सेतुराम रावांच्या घरात मराठी बोलणं बंद झालं होतं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. शेजार तमिळ. चेन्नईला दिलेली मुलगी हरिता फोनवर तमिळच बोलायची; मराठी तिला कळायचं, जिभेवर यायचं नाही. ती भाषा बोलायचे ते नवरा-बायको दोघंच. आता बोलणार कुणाशी?

तिरुवैयारुच्या रस्त्यावर एका मोटारसायकलनं सुप्रभेला उडवलं होतं. राव इस्पितळात पोचले तेव्हा सगळं संपलेलं. कुणीतरी तिला रिक्षातून आणलं, पोलिसांना खबर दिली आणि निघून गेलं, एवढंच त्यांना कळलं. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तरी तो 'कुणीतरी' रावांच्या डोक्यातून जाईना.

एका सकाळी ते पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागे अखिला नावाची हवालदार बसली होती.

"सुप्रभा राव यांच्या अपघाताच्या एफआयआरची प्रत मिळेल का?"

"तुम्ही त्यांचे कोण?"

"नवरा."

तिनं खुर्ची पुढे केली. "मग मिळेल, सार. खबर देणाऱ्याला आणि पीडिताच्या घरच्यांना ती फुकटच द्यायची असते. साधा अर्ज लिहा. तारीख, जागा, आणि तुमचं ओळखपत्र जोडा. विम्यासाठी हवीय ना?"

रावांनी कागद पुढे ओढून अर्ज लिहायला घेतला.

प्रत हातात आली तेव्हा त्यांनी खबर देणाऱ्याचं नाव तेवढं पाहिलं. राममूर्ती, शहाळीवाला, तिरुवैयारु. बाकीचं वाचवेना. ते तडक बसस्टँडवर गेले.

तिरुवैयारुला राममूर्ती नदीवरच्या पुलाजवळ शहाळी विकत बसायचा. कोण आलंय हे कळल्यावर त्यानं कोयता खाली ठेवला.

"शेवटी ती काही बोलली का?" रावांनी विचारलं.

"बोलल्या, सार. पण ते तमिळ नव्हतं. मला वाटलं, तेलुगू असेल. पाणी पुढे केलं तर मान हलवली. मी आपला 'हो अम्मा, हो अम्मा' म्हणत राहिलो."

राव बाकावर टेकले. तिला काय म्हणायचं असेल ते एकेक वाक्य मराठीत म्हणून पाहू लागले. माझा चष्मा कुठाय? यांना कळवा. मला घरी न्या.

"बोलण्याची चाल अशीच होती," राममूर्ती म्हणाला, "पण शब्द आठवत नाहीत, सार."

रावांना थांबता येईना. मग ते सुप्रभेशीच बोलावं तसं बोलत सुटले. स्वयंपाकाचं, तुटलेल्या नळाचं, दुपारी घरात शिरणाऱ्या मांजराचं. राममूर्तीला एक अक्षर कळत नव्हतं. एक गिऱ्हाईक वाट पाहून निघून गेलं, तरी तो उठला नाही.

शब्द संपले तेव्हा ऊन पाण्यावरून सरकलं होतं.

"रिक्षात त्यांनी माझं मनगट धरलं होतं," तो हळू म्हणाला. "इस्पितळात डॉक्टरांनी सोडवेपर्यंत."

रावांनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. काही बोलावंसं वाटलं, पण आता तमिळही सुचेना. त्यांनी हात जोडले आणि ते तंजावूरच्या बसची वाट पाहत रस्त्याकडेला उभे राहिले.