दगडाला कुठे घाई असते

कुठलाही दगड दिसला की तो बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "घाई नाही, ब्रदर. दगडाला कुठे घाई असते?" हीच टकटक त्याने आमच्या कलिंगडावर केली, जेवणाच्या टेबलावर केली. माझ्या डोक्यावर केली नाही, एवढीच कृपा.

इकडे परदेशात, टार्निट नावाच्या उपनगरात, तो आमचा शेजारी. झिम्बाब्वेचा, शोना समाजातला, दगडातून माणसं कोरणारा. लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करू लागलो आणि कुंपणापलीकडची त्याची छिन्नी माझ्या प्रत्येक मीटिंगला हजर राहू लागली. असा एखादा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल.

गावाहून आणलेला एक मोठा काळा दगड त्याच्याकडे होता. चार महिने तो त्याला नुसतं विचारत होता, आत कोण आहे म्हणून. अजून रिप्लाय नाही का, असं मी चिडवायचो. तुझा कॉम्प्युटर तरी कुठे एका हाकेत ऐकतो, असं तो परतवायचा. मूर्ती कितीही चकचकीत केली तरी एखादा भाग ओबडधोबड सोडायची त्याची पद्धत होती. तो म्हणे दगडाचा वाटा. मला तो शुद्ध आळस वाटायचा आणि मी तसं सांगितलंही होतं.

मग एक दिवस छिन्नी थांबली. गावी त्याची आई वारली होती आणि विमानं बंद होती. मातीलाही जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तो काळा दगड कोरायला घेतला. आईच्या थडग्यावर ठेवायचा आहे, एवढंच बोलला. दगडातून हळूहळू एक बाई वर येऊ लागली.

हे सगळं मी माझ्या आईला सांगायला विसरलो. ती आमच्याकडे आलेली, आणि सीमा बंद झाल्याने अडकलेली. दगडाला डोळे आलेले दिसताच ती स्टुलावर चढली, कुंपणावरून हात लांबवला आणि त्या कपाळावर हळदकुंकू लावून मोकळी झाली. मी धावलो तोवर तो बाहेर आला होता. घासण्यासाठी ओल्या केलेल्या दगडावर कुंकू पसरलं होतं. मी सॉरी सॉरी म्हणत आईला सांगितलं, ती देवी नव्हे, याची वारलेली आई आहे.

आई ओशाळली नाही. "मग बरंच झालं. निघालेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय पाठवतात का?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. तो जरासा वाकला आणि तळवे जुळवून हलक्या टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे मोठ्यांचे आभार असे मानतात. मला भरून आलं. आत माझी मीटिंग चालूच होती.

पुढे त्याने दगड तापवून त्याला मेण चोळलं. बाई काळीभोर चमकू लागली, कपाळ तेवढं त्याने तसंच ठेवलं. मेणाशिवाय कुंकू पावसात जाईल, असं मी सुचवून पाहिलं. "घाई नाही, ब्रदर," हे नेहमीचंच उत्तर मिळालं.

सीमा उघडल्यावर तो आईला घेऊन गावी गेला, तो तिकडेच राहिला. पलीकडे आता शांत माणसं राहतात आणि माझ्या मीटिंगा फार कंटाळवाण्या झाल्या आहेत. परवा त्याचा मेसेज आला, पावसात आईचं कुंकू गेलं, तुझ्या आईला सांग, थोडं पाठव.

आई आता साताऱ्यात असते. तिने लगेच पुडी बांधली. पोचायला महिने लागतील, असं मी फोनवर म्हटलं.

"लागू देत," ती म्हणाली. "दगडाला कुठे घाई असते?"